मंद न होणारे दिवे

उज्जयिनीस हरसिद्धी देवीच्या देवळाच्या आवारात दोन उंच दीपमाळा उभ्या आहेत. त्यांची धाटणी अस्सल मराठी. सासवड-जेजुरीकडचा माणूस त्या पाहताच आपल्या गावी आल्यासारखा क्षणभर थबकतो. नवरात्रात त्यांवरील शेकडो दिवे पेटवतात. पेटवणारा मनुष्य वर चढत जातो आणि एकेक दिवा लावीत जातो. दीपमाळ अशी हळूहळू उजळते खरी. पण ती उजळते दिव्यांच्या संख्येने. साऱ्या ज्योती एकदम निम्म्या कराव्यात आणि मग हलकेच पुन्हा पूर्ण कराव्यात, ही गोष्ट तिला साधणारी नाही. दिव्यांची ही मर्यादा नाटकवाल्यांना फार काळ जाचत आली, आणि ती मोडण्याकरिता त्यांनी जी युक्ती काढली तिचेच आजचे नाव डिमर. त्यास एखादा भारदस्त संस्कृत शब्द सहज देता येईल; पण रंगमंचाच्या विंगेत त्या शब्दाने हाक मारल्यास कोणी ओ देणार नाही, म्हणून मी डिमरच म्हणेन.

श्रोतेहो, आज मला डिमरची थोरवी गावयाची नाही. ज्या उपकरणांवर डिमरची सत्ता चालत नाही आणि जी त्याच्या हाती दिल्यास बिघडतात, प्रसंगी पेटतात, त्यांची हकीकत सांगावयाची आहे. ती आज सांगण्याचे कारण असे की, ज्या तारेच्या दिव्यासाठी डिमर वाढला, तो दिवा आता रंगभूमीवरून निघून चालला आहे. डिमर मात्र पुष्कळ जुन्या नाट्यगृहांतून जागच्या जागी आहे.

भरतमुनींच्या काळी हा प्रश्नच नव्हता. नाट्यशास्त्राच्या तिसऱ्या अध्यायात रंगपूजेचा विधी आहे. त्यात कुंभ फोडल्यावर नाट्याचार्याने पेटती दिवटी हाती घेऊन सारा रंगमंच उजळावा असे सांगितले आहे. एवढे झाले की दिव्याचे काम संपले. पुढे पहाट, दुपार की मध्यरात्र हे नटाने हातांनी, दृष्टीने आणि शब्दांनी दाखवावयाचे. दिवा कमी-जास्त करण्याची जबाबदारी त्या काळी दिवटीवर नव्हती, नटावर होती. ही व्यवस्था मला फार सोयीची वाटते. नट चुकला तर प्रेक्षक हसतील, पण नाट्यगृहाला आग लागणार नाही.

कालिदासाच्या शाकुंतलाचा चौथा अंक पाहा. आरंभीच्या विष्कंभकानंतर कण्वांचा शिष्य रात्र किती उरली हे पाहण्यासाठी बाहेर येतो. एकीकडे चंद्र मावळतो आहे आणि त्याच क्षणी दुसरीकडे सूर्य उगवतो आहे, असे तो सांगतो. आजच्या प्रकाशयोजनाकाराला विचारा. तो म्हणेल की, यात एक दिवा शून्याकडे न्यावयाचा आणि दुसरा त्याच गतीने वर आणावयाचा, दोघांचा मेळ असा बसावा की मध्ये अंधार पडू नये. कालिदासाला यासाठी एक नट आणि एक श्लोक पुरला. त्याच्या उज्जयिनीत आज हे नाटक करणाऱ्यास दोन वीजवाहिन्या लागतात, आणि त्यांपैकी एखादी चुकीच्या ठिकाणी जोडली तर काय होते, हाच आपला विषय आहे.

मराठी रंगभूमीशी या अंकाचा एक योगायोगाचा संबंध आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचाच. त्याआधी सदतीस वर्षे, म्हणजे १८४३ मध्ये, विष्णुदास भाव्यांनी सांगलीस सीतास्वयंवर उभे केले होते. त्या पौराणिक नाटकांच्या जमान्यात दिवट्या, मशाली आणि पणत्या हाच प्रकाश. राक्षसाचा प्रवेश झाला की पेटत्या मशालीवर राळ उधळावयाची. तिचा भपकारा उठे आणि पुढच्या ओळीतील पोरे घाबरून आईच्या पदराआड दडत. भपकाऱ्याला चढणे ठाऊक होते, हळूहळू उतरणे ठाऊक नव्हते. पुढे किटसन आणि पेट्रोमॅक्स यांसारखे दाबाचे दिवे आले. उजेड लख्ख झाला, पण तोही आपल्या मर्जीने लागणारा आणि आपल्या मर्जीने विझणारा.

विलायतेत मधल्या काळात गॅसचा दिवा आला होता. गॅस नळीतून येतो, नळीला तोटी असते, आणि तोटी फिरवली की ज्योत लहान-मोठी होते. नाटकगृहांत अशा अनेक तोट्या एका ठिकाणी आणून बसवीत आणि एक मनुष्य तेथे उभा राहून साऱ्या रंगमंचाचा उजेड हाताळी. दिव्याला तोटी असते, ही कल्पना येथे रुजली, आणि गॅस गेला तरी ती गेली नाही. आज डिमरच्या जोडणीत होणारे निम्मे घोटाळे या एका कल्पनेतून निघतात.

गॅसची किंमत मात्र भयंकर होती. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरात प्रयोग सुरू होण्याच्या सुमारास गॅसच्या दिव्यांमुळे आग लागली आणि शेकडो प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २८ डिसेंबरला, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा रंगमंच प्रथमच विजेच्या दिव्यांनी उजळला. मालक रिचर्ड डॉयली कार्ट रंगमंचावर आले, एक पेटता दिवा त्यांनी मलमलीच्या कापडात गुंडाळला आणि सर्वांसमक्ष फोडला. मलमल जळली नाही. त्या दिव्यांतील तार तापून उजळत असे. तिला वीज कमी दिली की ती मंद होई. विजेच्या वाटेत अडथळा घातला की काम झाले. गॅसची तोटी आता विजेला लागली.

परंतु विजेचा एक दिवा याहून जुना होता आणि त्याला तोटी मानवत नव्हती. तो म्हणजे कर्बकांड्यांचा आर्क दिवा. १८४९ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअरच्या एका संगीतनाटकात सूर्योदय दाखवला तो या दिव्याने. म्हणजे रंगभूमीवर विजेने उगवलेला पहिला मोठा सूर्य मंद न होणारा होता! त्याच्या कांड्यांमधील ज्वाला टिकून राहण्यास ठरावीक प्रवाह लागतो. तो घटवला तर ज्वाला नाजूकपणे फिकी होत नाही. ती थरथरते, फुरफुरते आणि तुटते. म्हणून असा दिवा पूर्ण तेजाने जळू द्यावयाचा आणि उजेड कमी हवा असेल तर त्याच्या तोंडासमोर झडप सरकवावयाची, हा शहाणपणा पहिल्या पिढीतील कारागिरांना आला. हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

त्या दिव्याशी निष्काळजीपणा केला तर काय घडते, हे ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोत दिसले. इरोक्वॉय थिएटरात दुपारच्या खेळाला बायकामुलांची अलोट गर्दी होती. दुसऱ्या अंकात चांदण्या रात्रीचे गाणे चालू असता आर्क दिव्याची ठिणगी जवळच्या कापडी पडद्यावर पडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मावळत्या चंद्राने एवढा बळी घेतल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता डिमरच्या पोटात शिरू. पहिल्या डिमरांत अडथळ्याची लांब तार असे. आपल्याकडच्या हौशी संस्थांनी पुष्कळ वर्षे त्याचा गरिबाघरचा अवतार वापरला: मातीच्या नळीत वा बरणीत मिठाचे पाणी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या, आणि वरची पट्टी दोरीने खाली-वर. पट्ट्या जवळ आल्या की दिवा वाढे, दूर गेल्या की उतरे. स्वस्त, पण त्या पाण्यात जिवंत वीज असे, आणि रंगलेल्या अंकात ते उकळू लागे. या अडथळ्याच्या डिमरांचा एक स्वभाव होता. जेवढ्या भाराचा दिवा अपेक्षिला, तेवढाच जोडला तर ते नीट वागत. लहान दिवा जोडला तर तो पुरता विझतच नसे. मग विंगेत, प्रेक्षकांच्या दृष्टीआड, नुसता भार भरून काढण्यासाठी आणखी एक दिवा जळत ठेवावा लागे. इंग्रज कारागीर त्याला भुताचा भार म्हणत. हे भूत पुढे पुन्हा येणार आहे.

१९५७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर नावाचा अर्धवाहकाचा खटका बाजारात आणण्याच्या अवस्थेस नेला, आणि पुढील दशकात नाट्यगृहांतून अवजड डिमरांची जागा तो घेऊ लागला. याचे काम मोठे मौजेचे आहे. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा पुढेमागे हेलकावते, म्हणजे दर सेकंदास १०० वेळा शून्यावर येते. थायरिस्टर हा पाटावरच्या अशा पहारेकऱ्यासारखा आहे की, प्रत्येक लाट आली की तो तिचा आरंभीचा भाग अडवतो, ठरलेल्या क्षणी दार उघडतो, आणि लाट ओसरून शून्य झाली की दार आपोआप मिटते. दार लवकर उघडले तर दिवा तेजस्वी, उशिरा उघडले तर मंद. तो विजेला बारीक करीत नाही, तो तिचे तुकडे करतो. तारेच्या दिव्याला याची फिकीर नसते. तापलेली तार सेकंदाच्या शंभराव्या भागात थंड होत नाही. ती त्या तुकड्यांची सरासरी काढून शांतपणे जळत राहते, फार तर थोडी गुणगुणते.

ही सरासरी काढण्याची सहनशीलता इतर उपकरणांत नाही. धूर सोडणाऱ्या यंत्रातील पंप, रंगचक्र फिरवणारी मोटर, प्रोजेक्टर, वायूदिव्याचा चोक, एलईडी दिव्याच्या पोटातील वीजपुरवठ्याचे मंडल, या साऱ्यांना अखंड लाट हवी असते. लाट मध्यावर उघडली तर शून्यापासून एकदम सव्वातीनशे व्होल्टांची भिंत अंगावर येते. मंडलातील कपॅसिटर त्या क्षणी अधाशासारखा प्रवाह ओढतो. हा धक्का सेकंदाला शंभर वेळा बसला की तो तापतो आणि मरतो. ट्रान्स्फॉर्मरचे दुखणे निराळे. डिमरमध्ये पुढच्या लाटेसाठी एक आणि मागच्या लाटेसाठी एक असे दोन पहारेकरी असतात. त्यांच्या वेळांत जरा फरक पडला की प्रवाह एका बाजूस कलतो, गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि वेटोळे भाजू लागते. मोटर घरघरते, फिरत नाही, आणि न फिरणारी मोटर हा एक शेगडीचाच प्रकार होय.

येथे एक पळवाट सांगणारे हमखास भेटतात. “डिमर पूर्ण वर ठेवा, म्हणजे तो साधा खटकाच झाला!” हे म्हणणे जितके प्रचलित तितकेच चुकीचे आहे. पूर्ण वर ठेवलेल्या डिमरमध्येही पहारेकरी असतोच, आणि दार उघडण्यापूर्वी लाटेचा थोडा तुकडा तो खातोच. शिवाय दार उघडे राहण्यास किमान प्रवाह लागतो. एलईडीचा लहान दिवा इतका थोडा प्रवाह घेतो की दार मध्येच मिटते, पुन्हा उघडते, आणि दिवा लुकलुकतो. मग कोणी तरी जुन्या भुताला बोलावतो आणि शेजारी हजार वॉटचा एक तारेचा दिवा जोडतो. लुकलुक थांबते आणि सर्वांना वाटते की रोग गेला. वस्तुतः दार उघडे राहिले एवढेच. तुकडे झालेली लाट तशीच आहे, आणि आतले मंडल सोसतेच आहे. भरीस, प्रकाशफलकावरील मनुष्याने अंधाराचा इशारा दिला की डिमरबरोबर त्या यंत्राचीही वीज जाते. वायूचा दिवा असा अवेळी विझला तर थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही; तोवर नायिका काळोखात उभी.

काही डिमरांत ती वाहिनी फक्त चालू-बंद करण्याची सोय दिलेली असते. तिचाही भरवसा धरू नये, कारण बहुतेक ठिकाणी खटका म्हणून काम करतो तो तोच थायरिस्टर. खात्रीचा मार्ग जुनाच आहे. ज्याला अखंड वीज हवी त्याला ती मुख्य वितरण फलकावरून, स्वतंत्र एमसीबी आणि गळतीरक्षक घालून, पक्क्या अर्थिंगसह थेट द्यावी. डिमरच्या कपाटाचा निर्माता डिमरच्या जागी बसणारे रिलेचे घर देत असेल तर ते बसवावे, मात्र रिलेची शक्ती सुरुवातीच्या धक्क्याला पुरेशी हवी. दहा एलईडी दिवे एका खटक्याने लावले तर चालू प्रवाह किरकोळ असूनही आरंभीच्या झटक्याने एमसीबी पडतो. त्यांना एकामागून एक लावावे. उजेड कमी-जास्त करण्याची आज्ञा या दिव्यांना विजेच्या तारेतून नव्हे, वेगळ्या संदेशाच्या तारेतून जाते, आणि दिवा आपल्या पोटातच ती पाळतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची झडप आता दिव्याच्या आत गेली आहे, इतकेच.

न्यूट्रलच्या तारेविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही, कारण तिच्याकडे कोणी पाहत नाही. तीन फेजांवर सारखा भार असेल तर त्यांचे परतीचे प्रवाह एकमेकांना छेदतात आणि न्यूट्रल थंड राहते, असे आपण शिकलो. अखंड लाटांपुरते ते खरे आहे. तुकडे केलेल्या लाटांचे काही अंश छेदले न जाता बेरीज होतात. फेजपेक्षा न्यूट्रलमधून अधिक प्रवाह गेल्याची स्थिती येऊ शकते. जुन्या इमारतीत न्यूट्रल बारीक असेल, तर ती जेथे जळेल ते ठिकाण छताच्या आत, लाकडात आणि धुळीत असते.

उज्जयिनीस या गोष्टी अधिक लागू पडतात. पंडित सूर्यनारायण व्यासांच्या प्रयत्नाने १९५८ मध्ये तेथे कालिदास समारोह सुरू झाला, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले. तो भरतो कार्तिक शुद्ध एकादशीपासून, कारण मेघदूतातील यक्षाचा शाप विष्णू शेषशय्येवरून उठतो त्या दिवशी संपतो. पंढरीच्या वारकऱ्याला ही तिथी सांगावयास नको. पुढे मध्य प्रदेश सरकारने तेथे कालिदास अकादमी स्थापली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून नाटकमंडळ्या समारोहास येतात. आता असे चित्र डोळ्यांपुढे आणा: मंडळी प्रवासाने शिणलेली, रात्री प्रयोग, दिवे टांगण्यास दुपारचे दोन-तीन तास, आणि परक्या नाट्यगृहाच्या भिंतीवरील सॉकेटांपैकी कोणते डिमरचे आणि कोणते साध्या विजेचे हे सांगणारा मनुष्य चहाला गेलेला. आपल्या देशातील सर्वांत मोठी अडचण अशी की, दोहोंची तोंडे बहुधा एकच, तीन गोल पिनांची पंधरा अँपिअरची. सॉकेटच्या तोंडाकडे पाहून त्याच्या मागे पहारेकरी आहे की नाही हे ओळखता येत नाही. अशा वेळी चाचणीचा दिवा लावून पाहणे पुरत नाही, कारण तारेचा दिवा दोन्ही ठिकाणी सारखाच हसतो. प्रकाशफलकावरील कळ खाली ओढून पाहावी; दिवा उतरला तर तेथे धुराचे यंत्र लावू नये.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. १९१५ मध्ये शाहू महाराजांनी उभारलेले ते पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या आगीच्या कारणांत मी शिरत नाही. परंतु जुन्या नाट्यगृहात किती लाकूड, किती कापड आणि किती माणसांच्या आठवणी एकत्र नांदतात, हे त्या रात्री महाराष्ट्राला दिसले. अशा वास्तूंतून आज दुहेरी संसार चालला आहे: जुने हॅलोजन आणि नवे एलईडी एकाच दांडीवर टांगलेले असतात. तारेचे दिवे सर्वस्वी जाईपर्यंत तो चालणार, आणि धोका या मधल्या काळातच अधिक आहे. सगळे दिवे जुने होते तेव्हा कोणतेही सॉकेट चालत होते.

तेव्हा उज्जयिनीस कोणी शाकुंतल करीत असेल आणि चौथ्या अंकातील ती पहाट प्रकाशातच दाखवण्याचा त्याचा हट्ट असेल, तर त्याने दुपारी एवढे करावे. सूर्य हॅलोजनचा असेल तर त्याची तार डिमरच्या लाल खुणेच्या सॉकेटात जाऊ द्यावी. चंद्र एलईडीचा असेल तर त्याची तार निळ्या खुणेच्या, थेट फलकावरून आलेल्या सॉकेटात जावी, आणि त्याच्या मावळण्याची आज्ञा संदेशाच्या तारेतून यावी. खुणा नसतील तर रंगीत चिकटपट्टी आणि शाईची लेखणी घेऊन शिडीवर चढावे, आणि चहाला गेलेल्या माणसाला परत बोलवावे.